हातोडी मिळणार नाही

बाई : हातोडी मिळणार नाही, चिमणीची आई. असती तरी दिली नसती.

आई : मग दगड द्या, बत्ता द्या, काहीही द्या! बाहेर गाडीत माणसं ताटकळलीत माझी.

बाई : टबाभोवती एवढी पोरं बसलीत. बर्फाचा तुकडा उडाला तर थेट डोळ्यात जाईल. आणि आत एकट्या चिमणीची डबी नाही. बदक आहे, बटणं आहेत, कुणाचा तरी मोजा आहे.

पोरं : मोजा माझाय!

आई : मोज्याचं काय घेऊन बसलात? त्या डबीत माझ्या सासऱ्यांचं कानातलं मशीन आहे! काल दिवसभर घर उलथंपालथं केलं. गाद्या झटकल्या, कचऱ्याचा डबा उपसला. आणि ही बया आज दूध पिता पिता सांगते, 'ते शाळेत बर्फात आहे.'

बाई : घरून एक छोटी वस्तू आणा, आपण गोठवू आणि मग सोडवू, असं मीच सांगितलं होतं. डबी हलवून पाहिली, खुळखुळली. वाटलं, मणी असतील.

आई : उघडून बघायला हात झिजले असते?

बाई : नसते झिजले. चुकलं माझं.

आई : आणि हा खेळ तरी कसला? पाण्याचा बर्फ करायचा, बर्फाचं परत पाणी करायचं. फरशीवर तळं झालंय नुसतं! माझी चप्पल बघा.

बाई : त्यांच्या हातांना कळतं हो. गार काय, निसरडं काय, थांबायचं म्हणजे काय…

आई : थांबायचंच तर नाहीये मला!

पोरं : बाई, बदकाची चोच बाहेर आली!

बाई : वा रे वा! मीठ चिमूटभर टाक, मूठभर नको. बोटं झोंबली की टॉवेलात घाला. चिमणी, तू का गं नुसती बसलीस? तुझा ड्रॉपर कुठाय? कोमट पाणी सोड थेंब थेंब.

चिमणी : मला नाही सोडवायचं.

आई : ऐकलंत? सगळ्यांनी मिळून माझा जीव घ्यायचं ठरवलंय.

(आईचा फोन वाजतो. पलीकडचं कुणाला ऐकू येत नाही.)

फोन : …

आई : हो, इथेच आहे.

फोन : …

आई : मग काय करू, बर्फावर आडवी होऊ? आणि तू एवढं कुजबुजतोस कशाला? तुझे बाबा शेजारी बसलेत तरी त्यांना कुठे ऐकू येतंय?

फोन : …

आई : हसतायत? हसू देत. खिडकी उघड त्यांच्या बाजूची. ठेव आता.

बाई : एवढ्या घाईत कुठे निघालात, ताई?

आई : एक जागा बघितलीय. म्हाताऱ्या माणसांसाठी. चांगली आहे हो! बाग आहे, डॉक्टर येतो. आज भेटायला बोलावलंय, आवडली तर लगेच राहायचंसुद्धा.

बाई : आजोबा तयार आहेत?

आई : त्यांना अजून… तिथे गेल्यावर सांगणार आहोत. सांगायला तरी कानात मशीन नको का?

बाई : असं होय.

आई : 'असं होय' म्हणू नका. गॅस चालू ठेवून फिरायला जातात ते. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुम्ही येऊन बसणार आहात का घरी?

बाई : मी काही म्हटलं का? थांबा, आत पाणी तापत ठेवलंय, आणते. गरम ओतलं की डबी मोकळी होईल. पोरांचा खेळ गेला तर गेला.

आई : आधीच आणायचं ना! …चिमणे, इकडे बघ. खेळणी काय कमी होती घरात? आजोबांचंच मशीन कशाला उचललंस?

चिमणी : गोठवायला.

आई : ते कळलं. का?

चिमणी : तू आणि बाबा रोज स्वयंपाकघरात बोलता.

आई : काय बोलतो?

चिमणी : आजोबा इथे नको म्हणून.

आई : हळू बोल.

चिमणी : मी आजोबांच्या खोलीचं दार लावलं होतं. तरी आत येत होतं ऐकू. मग मशीन डबीत टाकलं. डबीला कान लावला तर आत वाजत होतं. म्हणून बर्फात. बर्फ जाड आहे ना, आई? त्याच्यातून आवाज जात नाही ना?

बाई : आणलं पाणी. सरका रे पोरांनो, पोळेल! ताई, डबी कुठल्या कोपऱ्यात आहे? इथे ओतू?

(आईचा फोन परत वाजतो.)

बाई : ताई, ओतू ना?

फोन : …

आई : ऐक. नाही निघालं अजून.

फोन : …

आई : गरम पाणी आहे रे. तरी वेळ लागेल. आजचं नाही जमत म्हणून कळव त्यांना.

फोन : …

आई : उद्याचं उद्या बघू. ओरडू नकोस. बाबांना आत घेऊन ये, उन्हात बसवू नकोस. खुर्च्या बुटक्या आहेत, हात धरून आण.

बाई : मग हे पातेलं?

आई : ठेवा खाली. चिमणे, सरक जरा. मला दे एक ड्रॉपर. कुठलं पाणी घेऊ?

चिमणी : गारच घे.