चाळीस आवतणं आणि एक प्रिंटर

...न्हाई, पण मला एक सांगा, ज्याची वायर मी माझ्या हातानं लॅपटॉपला लावलीय, ज्याचा हिरवा दिवा लागलाय, जो टेबलावर दीड हात जागा अडवून बसलाय, तो प्रिंटर ‘सापडत नाही’ म्हणजे काय? कुठं शोधलंस बाबा? गंजगोलाईच्या बाजारात जाऊन आलास का? समोर बसलाय की रे तुझ्या! पण न्हाई. पडद्यावर ते चक्र फिरतं, फिरतं, फिरतं, मी आपला चष्मा पुसून तयार राहतो, वाटतं आता काही तरी होतंय... आणि येतं काय? ‘प्रिंटर सापडला नाही.’ आज आठवा दिवस हाय ह्या भांडणाला!

आता तुम्ही म्हणाल, महादेवप्पा, रिटायर माणसानं लॅपटॉपशी भांडावं कामून? तर तुम्हाला सांगतो, घरात भांडायला दुसरं कुणी उरलं न्हाई. बायको होती, तारामती, ती दीड वर्षाखाली गेली. प्रिंटर तिचाच. शाळेत बाई होती ती, पोरांच्या प्रश्नपत्रिका घरी छापायची. चौदा वर्षं झाली, एक दिवस कुरकुरला न्हाई. कुरकुरलो मीच, की केवढा आवाज करतंय हे यंत्र, जरा वाचू दे की पेपर! आता आवाज करत न्हाई तर जीव खालवर होऊन राहिलाय.

बरं, जुना कॉम्प्युटर दसऱ्याला बंद पडला. पोरगा पुण्यात, रविकिरण. त्यानं लगेच नवीन लॅपटॉप कुरियरनं पाठवला. म्हणजे लॅपटॉप आला. रविकिरण न्हाई आला.

लॅपटॉप लई पातळ. भाकरी जाड असते त्याच्यापेक्षा. आणि पातळ केलाय कसा, तर सगळी भोकं बुजवून! प्रिंटरची वायर घेऊन मी त्याच्या चारी बाजूंनी फिरलो, कुठंच बसंना. एवढं एवढं एक भोक, त्यात काय घालणार, काडी? मग गेलो मोहियोद्दीनच्या दुकानात. पन्नाशीचा माणूस हाय, प्रिंटर-झेरॉक्स दुरुस्त करतो, चौकाच्या कोपऱ्यावर. तो म्हणला, “अप्पा, टेन्शन नका घेऊ, वायर पुरानी, घर नवीन. बीच में एक कनेक्टर लागतो.” दिला. लावला. दिवा लागला. आणि लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर सापडला न्हाई. समोर बसलाय की रे तुझ्या!

रविकिरणला फोन लावला. “पप्पा, ड्रायव्हर टाकावा लागेल, मीटिंगमध्ये आहे, ठेवतो.” ठेवला. ड्रायव्हर म्हणजे सीडी, एवढं मला ठाऊक होतं. आणि सीडी तारामतीनं लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या घडीत ठेवलेली. पाकिटावर तिच्या अक्षरात, बाईचं वळणदार अक्षर हो, ‘प्रिंटरची सीडी. ह्यांनी फेकू नये.’ ह्यांनी म्हणजे मी! दुसरं कोण हाय घरात फेकणारं? मी खाली बसलो जरा. लुगड्यांना अजून तो कापराच्या गोळ्यांचा वास हाय. मग उठलो, डोळे पुसले, सीडी घेऊन ऐटीत टेबलापाशी आलो, म्हणलं आता बघतो तुला... आणि लॅपटॉपला सीडी घालायची जागाच न्हाई! उजवीकडं न्हाई, डावीकडं न्हाई, उलटा करून बघितला, पोटाला बी न्हाई! परत फोन. “पप्पा, सीडी आता कुणी वापरत नाही. आणि तुम्हाला छापायचंय काय एवढं? व्हॉट्सअपवर टाका की.”

व्हॉट्सअपवर टाका! हां. इथंच माझं डोकं सणकलं. कारण मला छापायचं होतं येळवशीचं आवतण.

आता आपल्या लातुरात येळवस म्हणजे काय ते काय सांगायचं, मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळं गाव रानात जेवायला, रस्त्यावर कुत्रं दिसत न्हाई. आमचं रान रेणापूरच्या पलीकडं, रामलिंग बटईनं करतो. कडब्याचा कोप, म्हणजे खोपटं, त्यात पूजा, मग शेंगा-भाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा मोठा डेरा. तारामती आठ दिवस आधी घरोघर जाऊन सांगायची, “यायचंच बरं का, न्हाई आलात तर बोलणार न्हाई मी.” चाळीस माणसं पंगतीला असायची आमच्या. मी नुसता आंबिलीचे तांबे घेऊन पळायचो.

गेल्या साली ती नव्हती. ती नसतानाची पहिली येळवस. मी आपलं पोराचं ऐकून व्हॉट्सअपवर टाकलं. सत्तावीस अंगठे आले बघा! सत्तावीस! म्हणलं, वा, आपली बी वट हाय. रामलिंगच्या बायकोला चाळीस माणसांचं रांधायला लावलं. आणि आलं कोण? कुणी न्हाई. मी, रामलिंग, त्याची बायको आणि दोन बैल. सतरंज्या अंथरलेल्या, मी बांधावर उभा, लांबून कुणाची गाडी दिसली की हात करायलो, आणि गाडी सरळ पुढच्या रानात. रामलिंग म्हणला, “अप्पा, बसा आता. जेवा.” दोन घास खाल्ले आणि उठलो. आंबील शेवटी बैलांच्या दावणीत ओतली.

म्हणून ठरवलं, ह्या साली कागद! मी सदतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलीत, तुम्हाला अनुभवाचं सांगतो, तोंडाचं हवेत जातं. कागद हातात पडला आणि पोच घेतली की माणसाला हलावंच लागतं.

तर प्रिंटर मांडीवर आणि लॅपटॉप पिशवीत घालून रिक्षानं गेलो मोहियोद्दीनकडं. तीन दिवस! तुम्हाला सांगतो, तीन दिवस तो माणूस माझ्यासाठी बसला. कुठून कुठून ड्रायव्हर शोधले, एक घातला, चालंना, काढला, दुसरा घातला. मधीच गिऱ्हाईक आलं की, “थोडा रुको भाई, अप्पांचं अर्जंट हाय.” दुपारी डबा उघडला की अर्धी चपाती माझ्यापुढं. त्याची बायको जाहिदा कैरीचं लोणचं लई झकास घालते. दीड वर्षात मी कुणासमोर बसून जेवलो नव्हतो, गेल्या साली रामलिंगनं बसवलं तेवढं सोडा. आणि तिसऱ्या दिवशी... घर्र घर्र घर्र! तोच आवाज! मी तर उठून उभाच राहिलो. मोहियोद्दीन हसायला लागला, “अप्पा, राष्ट्रगीत न्हाई ते, बसा.” चाळीस कागद निघाले. एकेक तोच उचलायचा, फुंकर मारायचा, आणि माझ्या हातात द्यायचा, शाई पुसू नये म्हणून.

घरी आलो, जाड वही काढली, रेघा मारल्या. जावक क्रमांक एक ते चाळीस, नाव, तारीख, सही. आणि निघालो घरोघर. हसू नका! चाळीसच्या चाळीस सह्या घेतल्यात मी!

शेजारची उज्ज्वला सही करता करता म्हणते, “अय्या काका, किती छान छापलंय! पण आम्ही माहेरच्या रानात चाललो हो. तुम्हीच या की तिकडं.” माझ्या टेबलाशेजारी वीस वर्षं बसलेला व्यंकट, तो म्हणतो, “अरे महादेवप्पा, आमच्याच रानात ये ना, सोबत बसू.” गल्लीतल्या पार्वतीबाई म्हणल्या, “पोरानं आधीच हो म्हणून टाकलंय दुसरीकडं, तुम्ही बी चला भाऊजी.” सगळे गोड बोलले हो. कुणाला नाव ठेवायला जागा न्हाई. दोन दिवस फिरलो, चाळीस कागद दिले, आणि घरी आलो तेव्हा माझ्याजवळ अकरा आवतणं जमली होती आणि माझ्याकडं येणारं माणूस? एक न्हाई. आता दुसऱ्याच्या रानात मी जाऊ कसा? आमच्या कोपात दिवा कोण लावणार? तारामतीनं कधी चुकवला न्हाई.

ही झाली कालची गोष्ट. आज सकाळी मोहियोद्दीनकडं गेलो. काम काही नव्हतं. उगीच. त्यानं चहा मागवला. मी वही उघडून दाखवली, म्हणलं बघ, चाळीस पोच, आणि उद्या परत मी, रामलिंग आणि बैल. तो पानं उलटत राहिला. सावकाश, एकेक नाव वाचत. मग वही बंद केली आणि म्हणतो, “अप्पा, उद्या बाजार पुरा बंद. मी बी घरातच बसून असतो दर साली.” म्हणलं, हां, गिऱ्हाईक कुठलं उद्या. तर म्हणतो, “एक बात बोलू? नाराज नका होऊ. तीन दिवस मीच छापत होतो. चाळीस कागद माझ्या हातातून गेले. मला वाटलं, एक तरी माझ्याच हातात राहील.”

मी चहा खाली ठेवला, वही परत उघडली. सदतीस वर्षं आवक-जावक केलेला माणूस मी! ज्याची अर्धी चपाती खाल्ली, त्याचं नाव वहीत न्हाई! म्हणलं, मोहियोद्दीन, चल बाबा, जाहिदाला घे, उद्या सकाळी माझ्यासोबत रानात चल. तर तो हसतो, डोळ्यांत पाणी घेऊन हसतो, “असं तोंडी न्हाई अप्पा. तुम्हीच म्हणता ना, तोंडाचं हवेत जातं? कागद आणा. मी पोच देतो.”

म्हणून पळत घरी आलो. फक्त एक कागद छापायचाय. एकेचाळिसावा. वायर लावली, कनेक्टर लावला, हिरवा दिवा लागला, बटण दाबलं, चक्र फिरलं, फिरलं, फिरलं... ‘प्रिंटर सापडला नाही.’

समोर बसलाय की रे तुझ्या! ओरडलो मी. मग लॅपटॉप बाजूला सारला. वहीचं कोरं पान फाडलं, पेन काढलं, हातानंच लिहायला घेतलं. लॅपटॉपला म्हणलं, जाऊ दे बाबा, तुला तरी काय बोलू. तीन दिवस समोर बसला होता, मला तरी कुठं सापडला?