देवघराची फळी आणि रायफलची साइट

पुराव्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही. नवऱ्यावर ठेवला आणि फसले. नेमबाजी क्लबच्या संघनिवडीला दोन दिवस उरले असताना मी एअर रायफलला नवी नळी बसवली. नळीच्या टोकावरच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा, ठोकळा इतका लहान, की तो सरळ बसलाय का ते बघायला स्पिरिट लेव्हल टेकेना. म्हणून तो समोरच्या देवघराच्या फळीशी नजरेने जुळवला. फळी नवऱ्याने, अनिरुद्धने बसवलेली, आणि तो हाडांचा सर्जन! वॉटफर्डच्या रेंजवर प्रत्येक छर्रा डावीकडे गेला. घरी येऊन फळीवर लेव्हल ठेवली, तर बुडबुडा थेट कडेला. मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

“अगं, देव इतकी वर्षं तिथे बसलेत, त्यांची कधी तक्रार नाही,” अनिरुद्ध म्हणाला.

“त्यांना नेम धरायचा नसतो, मला धरायचाय. देव खाली घे.”