गोदावरीकाकूंचं मागचं दार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कॉलनीचे ज्येष्ठ रहिवासी माननीय सयाजीराव भोईटे साहेब, "मला इथं वर कशाला बसवलंय" म्हणून मघापासून कुरकुरणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती आदरणीय गोदावरीकाकू वाळिंबे, त्यांना सांगलीला न्यायला आलेल्या त्यांच्या कन्या मयूरीताई, शाहूपुरीतले समस्त बंधू-भगिनी, आणि आयुष्यात पहिल्यांदा या हॉलमध्ये खुर्चीवर बसलेली आमच्या रविवारच्या शेतकरी बाजारातली सगळी मंडळी, तुम्हां सर्वांना सृष्टी ज्योतिबा काळेल हिचा मनापासून नमस्कार.

मी माणची. दहिवडीच्या पुढं आमचं गाव. नवरा मुंबईला कामाला. मी आणि माझ्या सासूबाई धोंडुबाई दर रविवारी बाजरी, मटकी आणि हुलगे घेऊन इथं येतो. मी कॉलेज केलंय म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलं. खरं तर बोलायला हव्या होत्या सासूबाई. पण त्या म्हणाल्या, "मी माइक धरला की रडंन. तूच बोल."

तर, सुरुवातीलाच एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. ज्या काकूंना आज आपण शाल देतोय, त्यांनी एकदा आमचा बाजार बंद पाडला होता.

का हसलात? खरं आहे. काकूसुद्धा मान हलवताहेत बघा.

तेव्हा आम्ही त्यांच्या फाटकाला अगदी चिकटून बसायचो. एका रविवारी सकाळी त्यांचे यजमान, आपले गोपाळकृष्णकाका, अंघोळ करून बाहेर आले आणि ओसरीवर कोसळले. अर्धांगाचा झटका. रिक्षा आली, पण फाटकासमोर पाटणच्या गुंडाभाऊंचा टेम्पो उभा, आणि गुंडाभाऊ लांब कुठंतरी चहा पीत. त्यांना शोधून आणेपर्यंत काकू काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. काका वाचले. पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

काकूंनी तक्रार केली आणि बाजार बंद झाला. सांगा मला, त्यांच्या जागी कुणीही असतं तरी दुसरं काय केलं असतं?

आम्ही सगळे माफी मागायला गेलो. गुंडाभाऊ पुढं. आजही ते तिथं मागं खाली मान घालून बसलेत. गुंडाभाऊ, वर बघा, आज तुमचाही दिवस आहे. तेव्हा ते रडत म्हणाले, "काकू, माज्यामुळं झालं. मी पुन्यांदा या बाजारात पाय ठेवत न्हाई."

काकूंनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही न येऊन माझ्या नवऱ्याचा हात हलणार आहे का? मला माफी नको, वाट हवी. रुग्णवाहिका सरळ आत येईल एवढी वाट सोडा, मी तक्रार मागं घेते."

वाट सोडली. बाजार पुन्हा भरला. आणि पुढच्या रविवारपासून काकू स्वतः फाटकात खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून बसायला लागल्या. त्या शिट्टीला भल्याभल्यांचे टेम्पो घाबरायचे! सयाजीराव साहेब, आपली गाडीसुद्धा त्यांनी एकदा मागं घ्यायला लावली होती. आठवतंय ना?

आता पुढचं बोलताना जरा अवघड वाटतं. व्यासपीठावरून बोलायचा हा विषय नव्हे. पण बायकांना विचारा, खरा विषय हाच आहे.

मी तेव्हा गरोदर होते. उन्हाळा कडक. सकाळपासून घोटभरही पाणी प्यायले नव्हते. काटा हातात धरला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. काकू खुर्चीवरून उठून आल्या, तांब्या पुढं केला. मी नको म्हटलं. त्या रागावल्या, "अगं, दोन जिवांची तू! पाणी का पीत नाहीस?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "पानी प्यालं म्हंजी मग जायाचं कुटं, काकू?"

आम्ही इतकी वर्षं त्यांच्या दारात बसत होतो. सकाळी अंधारात गाव सोडायचं आणि रात्री घरी पोचायचं. मधल्या वेळात कुठं जायचं, हे आम्हाला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला सांगितलं नव्हतं. लाजेचा मामला.

काकूंनी माझा दंड धरला आणि बोळातून घराच्या मागं नेलं. मागचं दार उघडलं. म्हणाल्या, "हा संडास. बादली भरलेली असते. कडी आतून नीट लागते. आणि सगळ्यांना सांग."

मी आत जाऊन कडी लावली आणि भिंतीला टेकून रडले. बाहेर आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले. ते पोटातलं बाळ आता बालवाडीत जातं. आज इथंच कुठंतरी खुर्च्यांखाली खेळत असेल.

काही जणांना ते आवडलं नाही, हे मी नाव न घेता सांगते. कुणीतरी काकूंना म्हणालं, "आज मागच्या दारापर्यंत आल्या, उद्या स्वयंपाकघरात शिरतील."

काकू म्हणाल्या, "शिरू देत की. मलाही हाताखाली माणूस हवंच आहे."

आणि आम्ही खरंच शिरलो! दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की काकूंच्या मागच्या अंगणात चूल पेटायची. गुंडाभाऊंचा तांदूळ, कुणाची वांगी, कुणाची मेथी, आमच्या हुलग्याचं पीठ. सासूबाईंनी काकूंना आमच्या माणदेशी शेंगोळ्या शिकवल्या. हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या करायच्या आणि लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवायच्या. काकूंनी सासूबाईंना साखर घातलेली आमटी शिकवली. ती आमच्या घरात अजून कुणी खात नाही, हे आज कबूल करते. क्षमा असावी, काकू.

काका मागच्या दारात खुर्चीवर बसून हे सगळं बघायचे. एक दिवस सासूबाईंनी पिठाचा गोळा त्यांच्या त्या लुळ्या हातात ठेवला. "काका, नुस्तं बसू नगा. वळा दोन शेंगोळ्या."

काकू म्हणाल्या, "अहो धोंडुबाई, त्यांना नाही जमायचं."

"न्हाई जमलं तर वाकड्या खाऊ. पोटात गेल्याव कुटं सरळ ऱ्हात्यात?"

मग दर रविवारी काका वळायला लागले. वाकड्या, जाड, मधेच तुटलेल्या. आम्ही तशाच रश्श्यात सोडायचो. आणि एका दुपारी पंगत बसली होती, काकांनी पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "मीठ."

काकूंच्या हातातली पळी खाली पडली. सासूबाई ओरडल्या, "आवं, काका बोललं! मीठ म्हनलं!" गुंडाभाऊ मिठाची अख्खी बरणी घेऊन धावले. आणि काकू हसत, रडत काकांना म्हणत होत्या, "इतक्या दिवसांनी तोंड उघडलंत, तेही माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवायला?"

काका त्यानंतर थोडंथोडं बोलायला लागले. गेल्या थंडीत ते गेले. त्या रविवारी आम्ही पाल लावलं नाही. नुसते फाटकासमोर उभे राहिलो. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत या. त्यांना रविवारी घर रिकामं आवडायचं नाही."

आता काकूंचे गुडघे चालत नाहीत. त्या मयूरीताईंकडं निघाल्यात. मयूरीताईंच्या यजमानांचा कुपवाडला कारखाना आहे, नातवंडं आहेत, आजीची सोय होईल. याचा आम्हाला आनंदच आहे. घर विकलंय, ते पाडून नवं बांधतील. त्यात कुणाची चूक नाही.

पण परवा शालीसाठी आमची बैठक झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शाल द्या, पर आता बायांनी जायाचं कुटं, त्ये कोन इचारनार?"

म्हणून मी विचारते. अध्यक्ष महोदय, या हॉलच्या मागं कॉलनीची दोन बाथरूम आहेत. रविवारी त्यांना कुलूप असतं. बाजाराच्या वेळेत ती उघडी मिळतील का? झाडलोट आम्ही करू.

काय म्हणालात साहेब? पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ? बरं...

थांबा, काकू काहीतरी म्हणताहेत. काय, काकू?

काकू म्हणताहेत, "मीटिंग कशाला? सगळे सभासद तर इथंच बसलेत. हात वर करायला सांगा."

श्रद्धाताईंचा हात वर. मुकुलभाऊंचा. त्या कोपऱ्यातल्या आजोबांचा. अहो, मागच्या रांगेत तर सगळेच... गुंडाभाऊ, तुम्ही सभासद नाही, हात खाली घ्या! साहेब, आपला?

साहेबांनीही हात वर केला. येत्या रविवारपासून उघडी, म्हणताहेत.

हॉल दिल्याबद्दल कॉलनीचे, वेळात वेळ काढून आल्याबद्दल सगळ्यांचे, आणि आपली आई इतकी वर्षं आम्हाला वाटून घेऊ दिल्याबद्दल मयूरीताईंचे आभार मानते. बोलण्याच्या ओघात लहान तोंडी मोठा घास झाला असेल, न शोभणारा शब्द आला असेल, तर घरची लेक समजून पोटात घाला.

बाहेर पंगत मांडलीय. आणि काकू, उठू नका. आज तुम्ही बसायचं. आम्ही वाढतो.