किती दिवस राहणार?

थोरली : ‘धाकटीला एकटं वाटू देऊ नकोस गं,’ आई शेवटचं हेच बोलली. आणि तुम्ही म्हणता हा व्हिसा चालत नाही! हा बघा की ठसठशीत शिक्का.

एजंट : शिक्का खराच आहे, मावशी. पण तो मोठ्या देशाचा. तुम्हाला जायचंय त्यांच्या बेटावर, समुद्रापलीकडे.

थोरली : बेट त्यांचंच ना? झेंडा त्यांचाच ना?

एजंट : झेंडा एक, पण चुली वेगळ्या. कुणाला आत घ्यायचं ते बेट स्वतः ठरवतं. दर आठवड्याला एक तरी माणूस असाच शिक्का घेऊन माझ्याकडे येतं.

थोरली : मागे तिच्या यजमानांच्या आजारपणात असल्याच व्हिशावर गेले होते मी.

एजंट : तेव्हा तुमच्या बहीणबाई मोठ्या देशात राहत होत्या. बेटाला तुमच्यासारख्यांना व्हिसा नकोच. बोलावणाऱ्याचं पत्र लागतं, आणि त्यावर तिथल्या बंदर कचेरीची परवानगी.

थोरली : मग पत्र दिलंय की तिने!

एजंट : दिलंय. आणि कचेरीने आज सकाळी परत पाठवलंय. ‘किती दिवस राहणार’ या रकान्यात काय लिहिलंय बघा.

थोरली : थांबा, चष्मा लावते... ‘मन भरेपर्यंत.’ अरे देवा!

एजंट : त्यांना आकडा लागतो हो. मन कुठल्या नियमात बसवायचं?

थोरली : लावा तिला फोन. जहाज आज चारला सुटतं, पुढचं पंधरा दिवसांनी. उद्या तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन, शनिवारी सकाळी पट्टी सुटायची. पट्टी सुटेल तेव्हा समोर मी असेन, असा शब्द दिलाय मी.

(एजंट फोन लावून आवाज मोठा करतो आणि टेबलावर, दोघांच्या मध्ये ठेवतो.)

धाकटी : निघालीस का गं, ताई?

थोरली : निघते कसली! तुझ्याच पत्राने अडवलंय. दिवसांच्या जागी ‘मन भरेपर्यंत’ लिहितं का कुणी?

धाकटी : मग काय लिहायचं? तू काय परकी आहेस, दिवस मोजून द्यायला?

एजंट : बाई, मोजूनच द्यावे लागतात. तीस दिवस नुसत्या पत्रावर चालतात. त्याच्या वर गेलात की पुन्हा अर्ज, मुलाखत, महिनाभर वाट.

थोरली : मग दहा लिही. सुटसुटीत.

धाकटी : दहा? मला बघायला येतेस की विजेचं मीटर?

थोरली : अगं, तुला अडचण नको म्हणून...

धाकटी : मागे हेच म्हणालीस. आठ दिवसांसाठी म्हणून आलीस आणि पाचव्या दिवशी बॅग भरलीस. हे अंथरुणाला खिळलेले, आणि तू म्हणे, ‘तुझ्यावर भार नको.’ भार कसला? घरात दुसरं माणूस बोलत होतं, तेवढाच आधार होता मला. म्हणून नाही लिहिला आकडा. तुला आकडा दिला की तू त्यातून वजा करत बसतेस.

एजंट : मावशी, पाणी देऊ?

थोरली : नको. ऐकतेस ना गं? यजमानांचं सगळं करून वर माझ्यासाठी दोन-दोन भाज्या करत होतीस. मला वाटलं, मी गेले की जरा पाठ टेकशील. चुकलंच माझं. तीस लिही.

धाकटी : नक्की?

थोरली : तीस. एकही कमी नाही. तू भांडलीस तरी नाही.

धाकटी : भांडणार तर आहेच मी.

एजंट : भांडण तिकडे गेल्यावर! आधी दोनच्या आत नवं पत्र द्या, खाडाखोड नको.

धाकटी : कचेरी माझ्या भिंतीला लागून आहे. तिथल्या कारकुनाच्या शर्टांना बटणं मीच लावत आले, तो लिहून देईल. डोळ्यांना दिसत नसलं तरी तेवढ्या चार पायऱ्या पायांना पाठ आहेत. ठेवते.

एजंट : बोलण्यात अगदी तुमच्यावर गेल्यात.

थोरली : माझ्यावर? मी कुठे एवढी बोलते? तुम्ही त्या फॅक्सच्या यंत्राकडे लक्ष द्या, मी जरा माळ ओढते.

एजंट : ओढा, ओढा. पण सारखं घड्याळाकडे बघत ओढू नका, देव म्हणेल हिची गाडी चुकतेय.

थोरली : गाडी नव्हे हो, जहाज. देवाला माहीत आहे.

एजंट : मावशी... आली! परवानगी आली. तीस दिवस. नाव बरोबर, पासपोर्टचा नंबर बरोबर. हा कागद हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाला नको.

थोरली : तुमचं भलं होवो. दीडच वाजलाय, आता घाई नाही.

एजंट : परतीचं तिकीट दाखवावं लागतं, ते तिसाव्या दिवसाचं काढतो. मध्येच घरची आठवण आली तर तारीख अलीकडे घेता येते, वेगळे पैसे पडत नाहीत.

थोरली : तारीख बदलताच येत नाही, असं नाही का मिळत?

एजंट : मिळतं. पण घेत नाही कुणी.

थोरली : मला ते द्या. आणि बॅग तेवढी जिन्यावरून खाली उतरवून द्या, भाऊ. पुढे बंदरापर्यंत उतारच आहे, मी जाते हळूहळू.