पाचवं रीळ

सन्माननीय अध्यक्ष देवव्रत महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती गोदावरीबाई आणि रविवारी सकाळची झोप मोडून येणाऱ्या रसिकहो! मी हिरामण, आपल्या चित्रपट मंडळाचा ऑपरेटर. तीस वर्षं वरच्या खोलीतून तुमच्या पाठीच पाहिल्या. चेहरे आज दिसताहेत.

बाई कॉलेजात जर्मन शिकवायच्या. परदेशी चित्रपटाखाली इंग्रजी ओळी नसल्या, की माइक घेऊन मराठीत गोष्ट सांगायच्या. आणि काय ते सांगणं! युद्धानंतरच्या जर्मनीतला तो संगीतपट आठवतो? मूळचा ऑपरेटा, म्हणजे आपल्या संगीत नाटकाची तिकडची बहीण. पडक्या शहरात परतलेली गायिका आणि तिच्यावर जीव लावणारा घड्याळजी. निफाडहून आलेली माझी आई डोळे पुसत म्हणाली, "लय रडवलं रं तुमच्या बाईनं!"

पण त्या दिवशीची खरी गोष्ट वेगळीच आहे. रिळांच्या डब्यांवरचे क्रमांक जर्मन शब्दांत लिहिले होते. बाई हाकेच्या अंतरावर होत्या. विचारायला काय झालं होतं? पण ऑपरेटरनं विचारायचं म्हणजे कमीपणा! तिसऱ्याच्या जागी पाचवं रीळ लागलं. दोघांची ओळख व्हायच्या आधीच ताटातूट! बाई शांतपणे म्हणाल्या, "मंडळी, हे नायिकेला पडलेलं स्वप्न." पुढे तिसरं लागलं, तेव्हा म्हणाल्या, "आता तिला जुनं आठवतंय." टाळ्या पडल्या हो!

मात्र प्रेक्षकांत एकाला जर्मन येत होतं, त्यानं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी समितीनं बोलावलं. माझी नोकरी जाणार हे नक्की होतं, आणि घरात कमावणारा मी एकटा. बाई म्हणाल्या, "डबे मी लावून दिले होते. हिरामणचा काय दोष?"

वर्षभर त्यांच्याकडचा माइक काढून घेतला. त्या मागच्या रांगेत बसायच्या, आणि मी वरच्या झरोक्यातून त्यांचा अंबाडा पाहत गप्प राहायचो. त्याची मला आजही लाज वाटते. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "अरे, मला कॉलेजची नोकरी होती. तुला दुसरी होती का?"

अध्यक्ष महाशय, मंडळाच्या इतिवृत्तात ती चूक अजून बाईंच्या नावावर आहे. शाल-श्रीफळ देण्याआधी ती ओळ खोडा आणि तिथे माझं नाव लिहा. पेन मी आणलंय.

ऐकून घेतलंत, मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, तेवढं पोटात घाला. बाकीचं मात्र घालू नका, लिहून ठेवा.