दादाची मिशी

घोरण्यावर हसता काय रे? आमच्या घरी दादाचं घोरणं थांबलं की सगळे ताडकन उठून बसायचे. झोपेत त्याचा श्वासच थांबायचा. वहिनी गदागदा हलवायची, तेव्हा कुठे तो पाण्यातून वर आल्यासारखा धापा टाकत उठायचा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल, आम्ही मुलुंडला राहायचो. डॉक्टरांनी खटपट करून परदेशातून मशीन मागवलं. नाकावर मास्क बांधून झोपायचं, मशीन हवा आत ढकलत राहणार. पण दादाच्या झुपकेदार मिशीमुळे मास्क बसेचना. हवा फुसफुसत बाहेर.

डॉक्टर म्हणाले, "मिशी काढा."

दादा भडकलाच. "बाप जिवंत असताना मिशी उतरवू? माझ्या हातून नाही व्हायचं हे."

वहिनी रडून थकली, तरी तो ऐकेना. मग एका रविवारी दुपारी त्याचा डोळा लागला आणि श्वास इतका वेळ अडकला की ओठ निळे पडले. आम्ही हाका मारमारून त्याला जागं केलं.

आबा, म्हणजे आमचे वडील, वस्तरा घेऊन आले.

"माझ्या मरणाला घाबरतोस ना? अरे, तू आधी गेलास तर मी काय उतरवू?"

दादानं मुकाट्यानं तोंड वर केलं.

मास्क घट्ट बसला आणि दादा झोपला. घोरणं नाही, काही नाही. त्या शांततेनं तर आमची आणखीनच तंतरली. वहिनीनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

"श्वास चालू आहे, आबा."

आबा त्याच्या उशाशी येऊन बसले. म्हणाले, "परत एकदा बघ गो."