उत्तम पॅकिंग

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या प्लंबरने शेजारच्या आत्या-भाचीकडून तोंड फिरवलं होतं, पण कान कुठे नेणार?

"आत्या, वर्षभर वाट बघून त्या सिंक्रोट्रॉनवर दोन दिवस मिळाले होते मला."

"म्हणजे तो मोठा एक्स-रे ना?"

"दातांच्या एक्स-रेपेक्षा कैक पटींनी प्रखर. किरणोत्सर्गी मातीवर तो झोत सोडला की आतलं युरेनियम कुठल्या रूपात आहे ते कळतं."

"मग, कळलं?"

"दोन डब्या न्यायच्या असतात. एक मातीची, एक तुलनेसाठी रिकामी. तुझ्या हुशार भाचीने दोन्ही रिकाम्या नेल्या."

"आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"तीन आवरणांत सीलबंद केल्या होत्या ना मी. दारात किरणोत्सर्ग मोजायचा मीटर लावला, तर काटा जागचा हलला नाही. सुरक्षा अधिकारी म्हणाले, असं पॅकिंग आजवर बघितलं नाही. मी लाजून थँक्यू म्हटलं."

"अगं बाई. आणि माती?"

"आमच्या लॅबच्या कपाटात. तीही सीलबंद."

"तुझ्या सरांना सांगितलंस का?"

"सकाळीच फोन आला त्यांचा. नमुना कसा आहे, म्हणाले."

"मग?"

"म्हटलं, सर, गळती अजिबात नाही."

प्लंबरला हसू आवरेना, आणि हसावं तर गाल ठणकत होता.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "आम्हीसुद्धा टाकीचा कॉक बंद असतानाच हे छातीठोकपणे सांगतो."